अ-शियाचं नाव पुकारा

आमच्या गल्लीत केस धुवून घ्यायचे म्हणजे खुर्चीत ताठ बसायचं. अ-शिया कोरड्या डोक्यावर शाम्पू ओतते, बाटलीनं थोडंसं पाणी सोडते आणि मग बोटं अशी चालवते की डोक्यावर फेसाचा हातभर डोंगर उभा राहतो, पण कानात एक थेंब जात नाही. मनात आलं तर त्या फेसाची ती शिंगं काढते, मनात आलं तर कोंबड्याचा तुरा. शुक्रवारी दुपारी दुकानाचा आरसा बघण्यासारखा असतो. आम्ही चारपाच म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरंशुभ्र काहीतरी डुलतंय. अशा अवस्थेत माणसाला गंभीर राहताच येत नाही. अ-शियाला आयुष्यातले सगळे अवघड प्रश्न लोकांनी याच अवस्थेत विचारले, हे मी तिचं भाग्य समजते.

त्साय युए-शिया हे तिचं पूर्ण नाव. वय पन्नाशीला टेकलेलं, डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं. कालवांची शेती करणाऱ्या त्सायांच्या घरी ती मुलगा म्हणून जन्मली. तेव्हाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडत नाही, आणि मलाही हल्ली आठवावं लागतं. शाळा संपली तशी ती काओश्युंगला निघून गेली आणि कितीतरी वर्षं नुसती नववर्षाला फोन करत राहिली. वडील गेले, आई एकटी पडली, तेव्हा एका सकाळी आमच्या बसथांब्यावर एक उंच बाई उतरली. खांद्यापर्यंत केस, दोन्ही हातांत बॅगा, पायात लाल चपला. मासळीवाली छाओ-फेन बर्फ फोडत होती. हातोडा वरच्या वर धरून तिनं विचारलं, "कुणाकडे जायचंय, बाई?"

"घरी," अ-शिया म्हणाली. "आणि छाओ-फेन मावशी, तोंड मिटा. मासे बघतायत."

छाओ-फेन आजही शपथेवर सांगते की हातोडा तिच्या पायावर पडला आणि तिला तो दोन दिवसांनी दुखला.

त्सायवहिनी, म्हणजे अ-शियाची आई, ओसरीवर कालवं फोडत बसली होती. तिनं लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सगळी गल्ली खिडक्यांत गोळा झालेली. वहिनीची नजर पायांवर थांबली. "बापाला जाऊन वर्ष झालं नाही आणि लाल चपला? आधी त्या काढ." एवढंच. बाकी कशावर तिनं त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या काळ्या चपला लेकीला देऊन बघितल्या. त्यात अ-शियाची नुसती बोटं मावली, आणि दोघी हसत सुटल्या. माझ्या घरापर्यंत तो आवाज आला होता.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान सुरू झालं. आणि प्रश्नही. पहिले काही महिने बायका केस धुवायला यायच्या की चौकशीला, हे सांगणं कठीण होतं. एकेक जण इतकं विचारायची की उत्तरं देईपर्यंत डोक्यावरचा फेस वाळून पापुद्रा व्हायचा. शेवटी अ-शियानं हात झटकून जाहीर केलं, "आजपासून एका न्हाण्याला एक प्रश्न. नीट विचार करून विचारा. फुकट गेला तर पुढच्या आठवड्यात या."

धंद्याच्या दृष्टीनं हा हुकमी एक्का निघाला. ज्या बायका महिन्याला एकदा केस धुवायच्या, त्या आठवड्याला यायला लागल्या. शेजारच्या दुकानात पेज खाताना त्या आपसांत मसलती करायच्या. "तू आज हे विचार, मी शुक्रवारी ते विचारते." मला नन्सच्या शाळेत हात वर करून पूर्ण वाक्यात प्रश्न विचारायची सवय लागलेली, त्यामुळे कित्येक जणी आपापला प्रश्न मला येऊन तपासून घ्यायच्या.

पहिला मान छाओ-फेननं घेतला. "तुला कधी कळलं गं?"

अ-शियानं तिच्या टाळूवर बोटं फिरवत विचारलं, "मावशी, तुम्ही डावखुऱ्या ना? तुम्हाला कधी कळलं?"

"मला कुठे कळलं! मी जेवायच्या काठ्या डाव्या हातात धरल्या आणि आईनं फाडकन मारलं, तेव्हा तिला कळलं."

"माझंही तसंच. मला वेगळं काही कळलं नव्हतं. इतरांनी हातावर मारायला सुरुवात केली."

"मग आईनं मारून माझा हात उजवा केला की."

"आणि बर्फ कुठल्या हातानं फोडता?"

छाओ-फेननं फेसाखालून स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली लपवावा तसा टॉवेलखाली घातला. आम्ही बाकीच्या इतक्या हसलो की माझ्या डोक्यावरचं शिंग मोडलं.

मग एका पाहुण्या बाईनं, नाव सांगत नाही, आवाज बारीक करून तो प्रश्न विचारला जो सगळ्यांच्या पोटात होता. "म्हणजे… खाली… सगळं करून घेतलंस का?"

"काकू, तुमचे दात खरे की कवळी?"

"हा काय प्रश्न झाला? चारचौघांत?"

"तेच म्हणते मी," अ-शिया गोड हसली. "कुणी करून घेतं, कुणी नाही. ज्याचं त्याला आणि डॉक्टरला ठाऊक. करून घेतलं म्हणून कुणी जास्त बाई होत नाही, नाही केलं म्हणून कमी होत नाही. तुम्ही कवळी काढून ठेवलीत तरी काकूच राहता ना?"

पाहुणीनं ओठ घट्ट मिटले. कवळी होती हे त्या दिवशी कळलं.

"तुला पुरुष आवडतात म्हणून तू बाई झालीस का?" हा प्रश्न माझा. फार वर्षं घोळवून मी तो विचारला होता, आणि आपण काही मूलभूत विचारतोय असं मला वाटत होतं.

"यिंग-चू मावशी, पुरुष आवडायला बाई कशाला व्हावं लागतं? कापडवाले दोघं बघा. दोघेही नवरे, गेल्या चैत्रात लग्न झालं, तुम्हीच त्यांच्याकडे दोनदा सूप वाढून घेतलंत. मी कोण, हा एक प्रश्न. मला कोण आवडतं, हा दुसरा. तुम्ही दोन विचारलेत."

"बरं, दुसऱ्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात दे."

"आत्ताच देते, फुकट. या गल्लीतलं कुणीही नाही."

कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलणारी त्सायवहिनी यावर म्हणाली, "माझंही तेच मत होतं, तरी याच गल्लीत दिली."

वहिनीलाही लोक सोडत नसत. गरोदरपणी काय खाल्लं होतंस, हा तिला नेहमीचा प्रश्न. "कालवं," ती म्हणायची. "तुम्हीही तीच खाल्लीत. माझ्याच टोपलीतली."

एकदा भर प्रश्नोत्तरात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. ती कुणासाठी थांबत नाही. आम्ही होतो तशा, डोक्यावर फेस, गळ्यात टॉवेल, हातात पिशव्या, गल्लीतून पळत सुटलो, आणि पुढे अ-शिया दोन्ही हातांत चार घरांच्या पिशव्या घेऊन लांब ढांगा टाकत. गाडीवरचा नवा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. मग आमच्याकडे बघितलं. कुणाबद्दल आधी विचारावं हे त्याला ठरवता येईना.

सगळेच प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. एका शुक्रवारी छाओ-फेन गप्प होती. छाओ-फेन गप्प म्हणजे समुद्र आटल्यासारखं. डोकं धुवून होत आलं तेव्हा म्हणाली, "ताइचुंगचा माझा नातू. सतराचा आहे. फोनवर म्हणाला, आजी, मला नातू म्हणू नकोस. मी फोनच ठेवला. आता काय करू?"

अ-शियाचे हात थांबले. "फोन करा. जेवण झालं का विचारा."

"एवढंच?"

"तुम्ही रोज काय विचारता?"

"जेवलास का."

"मग आजही तेच विचारा. बाकीचं लेकराच्या पोटात जेवण गेल्यावर बोलता येतं. कुठलं नाव हवंय ते सांगेल, ते घ्या. चुकलं तर सॉरी म्हणा, पुन्हा घ्या. माझ्या आईला सहा महिने लागले."

"आठ," वहिनी म्हणाली. "दोन महिने मी मुद्दाम चुकत होते."

पुढच्या शुक्रवारी छाओ-फेननं खुर्चीत बसता बसता कुणी न विचारता सांगितलं, "केला फोन. जेवली म्हणाली." आणि लगेच खेकड्यांच्या भावाबद्दल बोलायला लागली.

हे सगळं असं वीस वर्षं मजेत चाललं. मग एका वर्षी माझूदेवीचा, म्हणजे आमच्या समुद्राच्या देवीचा, वाढदिवस जवळ आला आणि खुन-शान काका दुकानात आले.

गल्लीच्या टोकाला माझूचं लहानसं देऊळ आहे. वाढदिवसाच्या दिवशी तिथे वर्षाचा मानकरी निवडतात. घरटी एक नाव पुकारलं जातं, त्या नावानं देवीपुढे कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकतात, आणि ज्याला सलग सगळ्यांत जास्त होकार मिळतात त्याच्या घरी देवीची छोटी मूर्ती वर्षभर मुक्कामाला जाते. नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचं. आमच्या घरून आधी माझ्या नवऱ्याचं पुकारलं जाई, ते गेल्यावर तायपेईतल्या मुलाचं, जो वर्षाकाठी तीन दिवस येतो आणि त्यातले दोन झोपतो.

खुन-शान काका देवळाचे प्रमुख. वय ऐंशीच्या पुढे, टक्कल आरशासारखं. अ-शियाच्या दुकानात त्यांचं काही काम नसायचं. त्या दिवशी त्यांची बायको ड्रायरखाली डोळे मिटून बसली होती. ही बाई फार कमी बोलते. तिला सगळे काकूच म्हणतात.

"हे बघ," काका अ-शियाला म्हणाले, "तुमच्या घराचं नाव यादीत अजून जुनंच आहे. तुझं जुनं. तेच पुकारतो. कायद्यानं बघितलं तर… म्हणजे नियमानं… पुरुषाचं नाव आहे, कुणी हरकत घेणार नाही. तू मागे उभी राहा. कोण बघतंय?"

"देवी बघतेय ना, काका."

"देवी समजून घेईल."

"मग माझं खरं नाव पुकारा. तेही समजून घेईल."

"खरं नाव बाईचं आहे!"

"हो. कारण मी बाई आहे."

"मग यादीत बसत नाहीस!"

"म्हणजे मी खोटी उभी राहिले तर चालेल, आणि खरी राहिले तर नाही?"

काकांनी टकलावरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हे. वादळात बोटी उलटल्या तेव्हा हाच माणूस तीन रात्री घाटावर कंदील धरून उभा होता. पण नियम म्हणजे नियम, आणि हा तर त्यांच्या आजोबांचा. "वीस वर्षं तू कधी काही बोलली नाहीस," ते कुरकुरले.

"वीस वर्षं ते नाव पुकारलं गेलं की मी देवळामागे जाऊन उभी राहायचे," अ-शिया म्हणाली. ती कात्री पुसत होती आणि आवाज नेहमीचाच होता, पण तिचे कान लाल झाले होते. "दरवर्षी माझूपुढे एक माणूस उभा करतात जो नाहीच आहे. यंदा मला समोर उभं राहायचंय. मानकरी नाही झाले तरी चालेल. पण नाव माझं पुकारा. नाहीतर आमचं घर यादीतून काढून टाका."

घर यादीतून काढणं म्हणजे काय हे गल्लीत सगळ्यांना कळतं. मिरवणूक त्या दारापुढे थांबत नाही, प्रसादाचा वाटा त्या घरी जात नाही. वहिनीनं शेंगा सोलणं थांबवलं.

"बायकांची नावं देवीपुढे पुकारायची नाहीत," काका म्हणाले, पण जरा हळू.

"माझू कोण आहे रे, खुन-शान?" वहिनीनं विचारलं. "बाप्या?"

मी तोंडात टॉवेल कोंबला. छाओ-फेननं तेवढीही तसदी घेतली नाही.

"मी ठरवणारा कोण!" काका ओरडले. "देवीलाच विचारू. सगळ्यांसमोर. ती म्हणेल ते." आणि छत्री विसरून निघून गेले.

वाढदिवसाच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर कासवाच्या आकाराचे लाल गोड केक, पीचच्या आकाराचे वाफवलेले पाव, अननस, भाजलेलं डुक्कर. ते बिचारं तोंडात संत्रं धरून सगळ्यांकडे बघत होतं. धुपानं डोळे चुरचुरत होते, बाहेर फटाके आणि झांजा. अ-शिया जांभळा झगा घालून आईची खुर्ची ढकलत आली आणि पहिल्यांदाच देवळाच्या मागे न जाता पुढे, खांबापाशी उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. 

काकांनी माइक घेतला, चंद्रकोरी हातात धरल्या, गुडघे टेकले आणि खड्या आवाजात देवीला विचारलं, "माझूआई, त्सायांच्या घरचं हे जे कुणी इथे उभं आहे, ते पुरुष की बाई?"

चंद्रकोरी पडल्या. एक उताणी, एक पालथी पडली की हो. दोन्ही पालथ्या म्हणजे नाही. या दोन्ही उताण्या पडल्या आणि होडीसारख्या डुलायला लागल्या. म्हणजे देवी नुसती हसली, उत्तर काही दिलं नाही.

"पुन्हा," काका म्हणाले आणि पुन्हा तेच विचारलं. देवी पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग देवळात खसखस पिकली.

"अरे, तिला हो-नाही असं विचारतात!" वहिनी ओरडली. "निबंध लिहायला सांगतोस काय?"

"गप्प बसा! …माझूआई, हा पुरुष आहे का?"

हसली.

"मग बाई आहे का?"

हसली. यावेळी एक चंद्रकोर इतका वेळ डुलली की पुढच्या रांगेतल्यांच्या माना तिच्याबरोबर डुलल्या.

काका घामाघूम. "जुन्या नावानं पुकारू?" धाडकन दोन्ही पालथ्या. नाही. "पुन्हा विचारतो, जुन्या नावानं?" नाही. "मग नव्या?" हसली. "का हसतेस? मग मी करू तरी काय?"

याला तर देवी काय उत्तर देणार! एक चंद्रकोर उडाली ती सरळ पूजेच्या टेबलाखाली गेली. देवळाचे प्रमुख हातापायांवर टेबलाखाली शिरले. माइक चालूच होता. सगळ्या गल्लीला लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, "आई गं… कुठे गेली… कोण पाय देतंय हातावर!" छाओ-फेन खांबाला धरून खाली बसली. डुकराच्या तोंडातलं संत्रं कुणाच्यातरी कोपरानं घरंगळलं. माझ्या त्या दिवसाच्या रोजनिशीत अक्षर वेडंवाकडं आहे, कारण लिहितानाही मला हसू आवरत नव्हतं.

अ-शिया मात्र हसत नव्हती. ती पुढे गेली, वाकून टेबलाखाली हात घातला आणि चंद्रकोर काढली. तिचे हात लांब आहेत. दुसरी काकांच्या हातातून घेतली. काकांनी दिली. त्यांनाही बहुतेक सुटल्यासारखं झालं असावं.

ती गुडघ्यांवर बसली. माइक नव्हता, पण आम्ही जवळ होतो.

"आई," ती म्हणाली, "मी त्सायांची युए-शिया. समोर कधी आले नव्हते. ओळखतेस ना मला?"

चंद्रकोरी पडल्या. एक उताणी, एक पालथी.

तिनं उचलल्या, पुन्हा टाकल्या. तसंच. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

बाहेर कुणीतरी तेलात कालवं टाकल्याचा चर्र आवाज देवळात आला. मग छाओ-फेन ओरडली, "ओळखते म्हणाली!" आणि मग काय! झांजवाल्यांना वाटलं मानकरी ठरला, त्यांनी झांजा बडवल्या. फटाकेवाल्यांनी झांजा ऐकून अख्खी माळ पेटवली. वहिनी खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत म्हणत होती, "मी नाही तर कोण ओळखणार! म्हणजे ती नाही तर!" तिचा अगदी गोंधळ उडाला होता.

काकांनी यादीवर काट मारली आणि नवं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर मान वर केली तर टेबलापुढे छाओ-फेन उभी.

"माझंही लिहा."

"तुझं काय? तुमच्या घरचं तुझ्या नवऱ्याचं आहे."

"तो मासे धरतो. धूप कोण लावतं? लिहा."

"देवीनं तिच्यापुरतं सांगितलंय!"

"मग आमच्यासाठी पण विचारा." हा आवाज आम्हाला पटकन ओळखूच आला नाही. काकांच्या घरच्या काकू होत्या. "प्रत्येकीसाठी वेगळं. बसा गुडघ्यांवर."

काकांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं, जी तोवर दारापर्यंत गेली होती. "लिहितो," ते म्हणाले. "सांगा एकेक जण. ओरडू नका."

मी माझं नाव सांगितलं. ते देवळात मोठ्यानं पुकारलं गेलं तेव्हा मला उगीचच मागे वळून बघावंसं वाटलं, की ही कोण. पहिल्याच कौलाला नाही आलं. छाओ-फेनला दोन होकार मिळाले आणि तिनं ते लॉटरी लागल्यासारखे सगळ्यांना दाखवले.

"त्साय युए-शिया!"

काकांनी ते नीट, स्पष्ट, एकही अक्षर न गिळता पुकारलं. अ-शिया जागच्या जागी सरळ झाली. इतकी उंच मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. चंद्रकोरी पडल्या आणि दोन्ही उताण्या होऊन डुलू लागल्या.

देवी हसली होती. पहिल्याच कौलाला अ-शिया बाद.

 आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात तिच्या घरी मूर्ती नेऊनही ठेवली होती. छाओ-फेनच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि अ-शिया? आधी तिचे खांदे हलले, मग पोट, मग ती इतकी हसली की तिला खांबाला टेकावं लागलं. "बघा!" तिला बोलताही येईना. "वीस वर्षांनी समोर आले… आणि ही हसते! अगदी घरच्यासारखी!"

"वाईट वाटलं का गं?" मी विचारलं.

"वाटलं की. पण मावशी, यादीत नाव आहे आता. पुढच्या वर्षी पुन्हा पुकारतील. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी म्हातारी होईन आणि ते पुकारत राहतील."

नावं पुढे चालू झाली. "लाय पी-युन," काकांनी वाचलं आणि थबकले. ते त्यांच्या बायकोचं नाव होतं. रांगेत तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं, पण लिहिताना त्यांच्या लक्षात आलं नसावं. ती पुढे आली आणि स्वतःच चंद्रकोरी टाकू लागली. होकार. होकार. पुन्हा होकार. होकारांची जी माळ लागली ती तुटेचना. मोजणारा माणूस बोटं संपून शेजाऱ्याची बोटं वापरायला लागला. काकूंच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. फक्त शेवटी एकदाचा नकार पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे. हात दुखला."

अशी आमच्या गल्लीला पहिली मानकरीण मिळाली.

मिरवणूक निघाली तेव्हा क्रम रीतीप्रमाणेच होता. पुढे मानकरी मूर्ती छातीशी धरून, आणि तिच्या डोक्यावर छत्री धरायला घरातला माणूस. म्हणजे काका. त्यांची छत्री अ-शियाच्या दुकानातच राहिली होती, म्हणून तिनं धावत जाऊन आपली आणून दिली, गुलाबी, कडेला झालर असलेली. ती बायकोच्या डोक्यावर धरून देवळाचे प्रमुख तिच्या मागे चालले होते. गल्लीतली पोरंटोरं नाचत होती. अ-शिया आईची खुर्ची ढकलत होती आणि वहिनी दोन्ही बाजूंना राणीसारखी हात हलवत होती, जणू मान तिलाच मिळाला होता.

दाराशी शेवटची रीत असते. देवी उंबरा ओलांडण्याआधी प्रमुखानं मानकऱ्याचं नाव तीनदा पुकारायचं, म्हणजे देवीला कळतं आपण कुणाकडे आलो. काकांनी घसा साफ केला. मग पुन्हा एकदा केला.

"काका, पुकारा ना," अ-शिया मागून म्हणाली.

"पुकारतो गं. सवय नाही." मग ते अगदी बारीक म्हणाले, "घरात कधी नावानं हाक मारली नाही. नुसतं 'अगं' म्हणतो."

"किती वर्षं?"

"लग्नाला साठ होतील."

"मग आज तीनदा मारा."

काकांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लाय पी-युन," ते पुटपुटले. वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. "लाय पी-युन," आता नीट ऐकू आलं. आणि तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. "लाय पी-युन!"

काकूंनी मूर्ती सावरली. त्यांच्या गालांवर लाली चढलेली मी पहिल्यांदा पाहिली. "आले हो," त्या म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडला.

अ-शियानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ होते.